आधी एक खड्डा काढा, मग बोलू

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे फोटो मिळून भरपूर प्रश्न आलेत, सगळ्यांना इथं जागा देता येणार नाही त्याबद्दल माफ करा. एक गोष्ट मात्र जाणवली ती आधी सांगते. बहुतेक प्रश्नांचा शेवट एकच असतो, "ताई, काय मारू?" पान पिवळं पडलं काय मारू, तण वाढलं काय मारू, उतारा घटला काय मारू. आणि मी उलट विचारलं की तुमच्या रानात किती फुटावर मुरूम लागतो, तर समोरून उत्तर येत नाही. म्हणून या वेळी निवडलेल्या बऱ्याचशा प्रश्नांना माझं पहिलं उत्तर एकच आहे, कुदळ-फावडं घ्या आणि रानात एक खड्डा काढा.

प्रश्न : आमची पाच एकर कोरडवाहू आहे. वडिलांपासून मालदांडी ज्वारी पेरतो. शेजाऱ्याची फुले वसुधा चांगली आली म्हणून गेल्या रब्बीत आम्हीपण तीच पेरली, तर कणसं भरलीच नाहीत आणि जानेवारीत ताटं खालून मोडून आडवी झाली. बियाणं बोगस निघालं का? (एक शेतकरी, ता. मोहोळ)

दादा, बियाण्याला लगेच दोष देऊ नका. तुम्ही फोटो पाठवलात त्यात ताट जमिनीलगतच्या कांड्यात मोडलंय. अजून एखादं ताट बांधावर पडलेलं असेल तर ते विळ्याने उभं चिरून बघा. आतला गर कुजून नुसते धागे राहिलेत आणि त्या धाग्यांवर बारीक काळी पूड बसल्यासारखी दिसली, कोळशाची भुकटी भुरभुरल्यासारखी, तर तो खडखड्या. बुरशी जमिनीतलीच असते, पण ती जोर धरते कधी, तर दाणा भरायच्या वेळी पिकाला ओल कमी पडली की. म्हणजे रोग दिसतो ताटात आणि त्याचं मूळ असतं तुमच्या रानातल्या ओलीत.

आता वसुधाचं. ही जात भारी जमिनीसाठी आहे, म्हणजे जिथं माती दोन फुटाच्या पुढं खोल आहे तिथली. शेजाऱ्याचं रान ओढ्याकडचं आहे असं तुम्हीच लिहिलंय, त्याच्याकडं गाळाची खोल माती असणार, आणि तुमचं रान वरच्या अंगाला. एकाच बांधाच्या दोन बाजूंना जमीन किती वेगळी असू शकते हे खड्डा काढल्याशिवाय खरंच कळत नाही. तुमच्या रानात तीन ठिकाणी, वरच्या कडेला, मध्ये आणि खालच्या कडेला, दोन फुटाच्या थोडे पुढं जातील असे खड्डे काढा. एका फुटाच्या आतच मुरूम लागला तर ती हलकी जमीन, तिथं फुले अनुराधा किंवा फुले माऊली. एक ते दोन फूट माती असेल तर मध्यम, तिथं फुले सुचित्रा, फुले माऊली, परभणी मोती आणि तुमची मालदांडीसुद्धा. दोन फुटाच्या पुढं गेली तर भारी, तिथं वसुधा, फुले यशोदा. आणि पाण्याची सोय असलेल्या भारी रानात फुले रेवती. पाच एकरात दोन जाती पेराव्या लागल्या तर पेरा, त्यात काही कमीपणा नाही.

पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या महिन्यातच उरकायची. त्याच्या आधी किंवा नंतर गेलात की खोडमाशी पोंगा, म्हणजे मधला कोवळा शेंडा, मारते, आणि उशीर झाला तर वरून ओलही उडून जाते. बियाण्याला पेरायच्या आधी किलोला 4 ग्रॅम गंधकाची भुकटी चोळायची म्हणजे काणी, कणसात दाण्याऐवजी काळी पूड भरणारा रोग, येत नाही, हे स्वस्तातलं काम आहे आणि तरी अर्धे लोक करत नाहीत. खत सगळं पेरणीबरोबरच दोन चाड्याच्या पाभरीने, एका चाड्यातून बी आणि दुसऱ्यातून खत, बियाण्याच्या खाली पडलं पाहिजे, कोरडवाहूत नंतर वरून फेकलेला युरिया वरच्या सुकलेल्या मातीतच बसून राहतो, मुळापर्यंत पोचणार कसा?

आणि आता खरी गोष्ट, ओल. तुमच्या भागात रब्बी ज्वारी पावसावर येत नाही, ती पावसाळ्यात मातीत मुरलेल्या पाण्यावर येते. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे एक लाख लिटरच्या वर पाणी पडलं. ते रानातून वाहून ओढ्याला गेलं तर गेलं. म्हणून जुलैमध्येच उताराला आडवं जाऊन रानात बंदिस्त वाफे पाडून ठेवायचे, म्हणजे प्रत्येक वाफ्यातलं पाणी जागेवरच मुरतं. मग पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीच्या कोळप्याने पहिली कोळपणी, म्हणजे ओळींमधली वरची माती हलवणं, पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने दुसरी, आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने तिसरी. तिसरीला लोक कंटाळतात, म्हणतात आता तण कुठंय? अहो, ती कोळपणी तणासाठी नसतेच. काळ्या मातीला थंडीत भेगा पडायला लागतात, हात जाईल एवढ्या, आणि त्या भेगांतून खालची ओल उडते. दातेरी कोळप्याने वरची दोन बोटं माती भुसभुशीत करून त्या भेगा बुजवायच्या, एवढ्यासाठीच ती. विहिरीत एकाच पाण्यापुरतं पाणी असेल तर पीक पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानाच्या पोटात असताना, यायच्या सुमाराला द्या, पेरणीनंतर साधारण 50 ते 55 दिवसांनी.

तुम्ही मोहोळचे म्हणून एक सांगावंसं वाटतं. तुमच्या वडिलांची मालदांडी 35-1 ही तुमच्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात, गावरान मालदांडीतून निवड करून 1930 च्या दशकात काढलेली जात आहे. म्हणजे ती आधी शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपली आणि मग संशोधकांनी त्यातली चांगली ताटं वेगळी काढली. जवळजवळ नव्वद वर्षं झाली तरी ती शेतात टिकून आहे, भाकरीला, कडब्याला तिला अजून तोड नाही. ती सोडायची असेल तर जमीन बघून सोडा, शेजाऱ्याचं बघून नको.

प्रश्न : कांद्यात लव्हाळ्याने जीव नकोसा केलाय. एका हंगामात चार खुरपण्या होतात, बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. दुकानातून आणून तणनाशक मारलं, बाकीचं तण गेलं, लव्हाळा तसाच. (एक वाचक भगिनी, ता. जुन्नर)

ताई, तुमचं पत्र वाचून मला तुमचे हात डोळ्यापुढं आले. लव्हाळा खुरपून पाठ मोडते हे मला माहितीय, माझी आई तेच करायची.

पण आपण खुरपतो तेव्हा नक्की काय होतं ते एकदा बघा. एक लव्हाळा खुरप्याने न काढता कुदळीने सगळ्या बाजूंनी माती सैल करून हळूच उचला, मातीच्या ढेकळासकट, आणि बादलीतल्या पाण्यात धुवा. खाली काळ्या गाठी दिसतील, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारख्या. फोडून वास घ्या, उटण्यातल्या नागरमोथ्यासारखा वास येईल, तो याच्याच कुळातला. त्या माळेतली वरची गाठ उगवलेली असते आणि बाकीच्या झोपलेल्या असतात. वरचा शेंडा खुरप्याने तुटला की खालच्या गाठींना उगवायला मोकळीक मिळते. म्हणजे एकाच्या जागी दोन-तीन. म्हणून चार खुरपण्या करूनही तो वाढतच राहतो, यात तुमच्या कष्टात काही कमी नाही.

तणनाशकाचंही तसंच. कांद्यात जे ऑक्सिफ्लोरफेन मारतात ते बियाण्यातून उगवणाऱ्या तणावर चालतं, लव्हाळा तर गाठीतून येतो, त्याला त्याचं काही वाटत नाही. उसात लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल एकरी 36 ग्रॅम वापरतात आणि तिथं ते चांगलं कामही करतं, पण ते कुणी सांगितलं म्हणून कांद्यात मारू नका, कांदा हातचा जाईल. डब्याच्या लेबलवर ज्या पिकाचं नाव आहे त्याच पिकात, हे अगदी कडक पाळा.

मग करायचं काय? लव्हाळ्याला दोन गोष्टी सोसत नाहीत, मे महिन्याचं ऊन आणि सावली. कांदा निघाला की एप्रिलमध्ये रान पलटी नांगराने खोल नांगरा, गाठी उघड्यावर येऊ द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा उलटापालट करा. सुकलेली गाठ मरते. रोटाव्हेटर मात्र त्या रानात घालू नका, तो गाठींच्या माळा तोडून सगळ्या वावरात पेरून ठेवतो, आणि ट्रॅक्टर दुसऱ्याच्या लव्हाळ्याच्या रानातून आलेला असेल तर फाळ आणि चाकं बांधावरच धुऊन घ्या. मग जूनमध्ये तिथं ताग दाट पेरा. ताग दीड महिन्यात कमरेच्या वर जातो, खाली गच्च सावली पडते, लव्हाळा पिवळा पडून मागं पडतो, आणि फुलोऱ्याच्या आधी ताग गाडला की कांद्याला हिरवळीचं खत मिळतं. एका वर्षात पूर्ण जाणार नाही हे आधीच सांगून ठेवते. पण दोन-तीन वर्षं सलग केलंत तर चार खुरपण्या दोनवर येतील. रोपवाटिकेच्या वाफ्यापुरतं म्हणाल तर मे महिन्यात वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे कडा मातीत दाबून अंथरा, त्याने बाकीचं तण आणि रोपाची मर दोन्ही कमी होतात. काळ्या मल्चिंगच्या प्लॅस्टिकला लव्हाळा खालून टोचून भोकं पाडतो, त्यावर त्याच्यासाठी म्हणून पैसे घालू नका.

प्रश्न : आठ एकर ऊस. आजोबांच्या वेळी एकरी 60 टन निघायचा, आता 25 वर आलाय आणि खालचे दोन एकर तर उगवतच नाहीत. उन्हाळ्यात रानावर पांढरं येतं. दोन वर्षं जिप्सम टाकलं, फरक शून्य. (एक तरुण शेतकरी, ता. शिरोळ)

दादा, तुमचा प्रश्न कृष्णाकाठच्या हजारो घरांचा आहे आणि मला तो सगळ्यात जास्त छळतो, कारण यात माणसाने काही चुकीचं केलं म्हणून नाही, तर पाणी आलं म्हणून जमीन गेली. हे नवीनही नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात हीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वी घडली होती, कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि मागोमाग पाणथळ आणि खारी जमीन आली.

आधी खड्डा. या वेळी जरा खोल, माती काढायच्या गिरमिटाने पाच फुटाचं भोक पाडा आणि एक दिवस तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी त्यात काठी सोडून बघा पाणी किती फुटावर आहे. पाच फुटाच्या आत पाणी दिसलं तर तुमचं दुखणं वर दिसत असलं तरी खाली आहे. दिव्याची वात कशी तेल वर ओढते, तशी काळी माती खालचं पाणी वर ओढते. पाणी वर येऊन उन्हात उडून जातं आणि त्यातलं मीठ तिथंच राहतं, तेच तुमचं पांढरं.

आता जिप्समचं. क्षारयुक्त आणि चोपण या दोन वेगळ्या जमिनी आहेत, आणि गावात दोघींनाही खारवट म्हणतात म्हणून घोळ होतो. वर पांढरा थर, माती भुसभुशीत, सामू (पीएच) 8.5 च्या खाली, ही क्षारयुक्त. हिला जिप्सम लागतच नाही, हिला लागतं चांगलं पाणी आणि ते पाणी खालून बाहेर जायला वाट. दुसरी चोपण, पाऊस झाला की चिखल साबणासारखा बुळबुळीत, वाळली की दगड, डबक्यातलं पाणी काळपट, सामू 8.5 च्या वर आणि मातीला चिकटलेलं सोडियम 15 टक्क्यांच्या पुढं. हिला जिप्सम पाहिजे, कारण त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणावरून सोडियमला ढकलून त्याची जागा घेतं. पण ढकललेलं सोडियम जाणार कुठं? निचराच नसेल तर ते तिथंच पाण्यात फिरत राहतं. तुमचं दोन वर्षांचं जिप्सम असंच वाया गेलं असणार. पैसे गेले याचं मला वाईट वाटतं, पण तिसऱ्या वर्षी पुन्हा टाकायच्या आधी माती तपासून तुमची जमीन कुठली ते ठरवा.

खरा इलाज निचऱ्याचा. जमिनीखाली तीन ते पाच फुटावर भोकं असलेले, जाळी गुंडाळलेले पीव्हीसी पाइप उताराने टाकायचे, ते मोठ्या पाइपला जोडायचे आणि तो मोठा पाइप ओढ्याला किंवा नाल्याला सोडायचा. दोन पाइपांतलं अंतर मातीवर ठरतं, त्यासाठी जाणकाराकडून मोजणी करून घ्या, अंदाजाने टाकू नका. आणि हे एकट्याचं काम नाही, कारण ओढा तुमच्या बांधाला लागून नसला तर पाइप चार जणांच्या रानातून जाणार. वरच्या शेतकऱ्याचं पाणी खालच्याकडं उतरतं, त्यामुळं तुम्ही एकट्याने पाइप टाकून वरचा तसाच पाटाने पाणी सोडत राहिला तर तुमची जमीन पुन्हा भरेल. म्हणून मी हात जोडून सांगते, आधी शेजारच्या दहा-बारा जणांना एका ठिकाणी बसवा, त्या भोकातलं पाणी त्यांना दाखवा. शिरोळ तालुक्यातच असं गटाने काम करून पुन्हा ऊस उभा राहिलेली रानं आहेत, ती बघून या, तिथल्या शेतकऱ्यांशी बोला.

तोपर्यंत वरच्या सहा एकरात ठिबक करा, पाटपाणी बंद करा. फुले 265 ही जात खारवट जमिनीत नेहमीच्या को 86032 जातीपेक्षा जास्त तग धरते, ती लावा. खालच्या दोन एकरात यंदा ऊस लावूच नका, पावसाळ्यात धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून दीड महिन्याचा झाला की गाडा. उघडा चर काढणं शक्य असेल तर निदान तेवढा तरी पावसाळ्याआधी काढा.

प्रश्न : घरचं सोयाबीन बियाणं वापरावं का? (ता. औसा)

वापरा की, सरळ वाण आहे, संकरित नाही, तीन वर्षंसुद्धा चालतं. फक्त उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीत ठेवून गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज थोडं पाणी शिंपडा, सहा-सात दिवसांनी उघडून चांगले मोड आलेले मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त आले तर नेहमीचं बियाणं, साठ आले तर त्या प्रमाणात जास्त टाका, त्याच्याही खाली गेलं तर ते बियाणं नको. सोयाबीनची साल फार पातळ असते, पोतं ट्रॉलीतून खाली आपटलं की आतला मोड तुटतो आणि बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. पेरणी चांगला तीन-चार इंच पाऊस मुरल्यावर, आणि दीड इंचापेक्षा खोल नाही.

प्रश्न : मी कृषी पदविकेला आहे. नवीन वाण काढायला दहा-दहा वर्षं का लागतात? (एक विद्यार्थिनी, परभणी)

बाळा, तू विचारलंस म्हणून बरं वाटलं. ज्वारीचंच सांगते. ज्वारीच्या एका बारीक फुलात तीन परागकोष असतात. दोन जातींचा संकर करायचा तर दुपारी कणसासमोर बसायचं, चिमट्याने एकेका फुलातले तिन्ही परागकोष न फुटता काढायचे, उरलेली फुलं कापून टाकायची आणि कणसाला कागदी पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचे पराग त्यावर झटकायचे. एका दुपारी मान मोडेपर्यंत काम करून मूठभरही दाणे हाती लागत नाहीत. पुढं त्या दाण्यांपासून आलेल्या पिढ्या, दरवर्षी एक, सात-आठ वर्षं निवडत जायचं तेव्हा ताटं एकसारखी होतात. आणि मग वेगवेगळ्या केंद्रांवर, हलक्या-भारी जमिनीत, पावसाच्या नि दुष्काळाच्या वर्षांत चाचण्या. त्यात एखादं वर्ष गारपिटीने गेलं की ते वर्ष हिशेबातून गेलं. उसाचं आणखीनच वेगळं, त्याला आपल्याकडं तुरा येतो पण बी नीट धरत नाही, म्हणून संकर होतात कोइमतूरला, जिथं 1912 पासून ऊस पैदास केंद्र आहे. को 86032 मधला को म्हणजे कोइमतूरच, आणि तिचे आईबाप को 62198 आणि कोसी 671. तू शिकत असतानाच एकदा पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राला किंवा मोहोळला जाऊन हे काम हाताने करून बघ.

प्रश्न : माती तपासणीला नमुना कसा घ्यायचा? दोनदा दिला, दोन्ही वेळा वेगळाच रिपोर्ट आला. (ता. फलटण)

बहुतेक एकाच जागची माती दिली असणार. रान रंगाने, उताराने वेगळं असेल तर वेगळे नमुने. एका नमुन्यासाठी नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा, बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी आणि पाटाजवळ नको. प्रत्येक जागी वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची माती खरवडून घमेल्यात घ्या. सगळी एकत्र मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा, उन्हात नाही. खत टाकून दोन-अडीच महिने झालेले असावेत. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरू नका, तिथंच रिपोर्ट बिघडतो, स्वच्छ कापडी पिशवी घ्या. आणि आत गट नंबर, पीक, तारीख लिहिलेली चिठ्ठी टाकताना पेन्सिलने लिहा, पेनची शाई ओलीने फिसकटते.